पाहुणे कोणाकडचे?

सकाळी ८.१०

चहाच्या आधी लॉग. संगणक केंद्रात माझं टेबल खिडकीपासून लांब आणि सर्व्हर रूमला लागून आहे. रेडियस सर्व्हरने रात्रभरात कोणाला आत घेतलं आणि कोणाला परत पाठवलं, हे बघणं दिवसाचं पहिलं काम. आमची ही पुण्यातली संस्था संशोधनाची. वसतिगृह, अतिथिगृह, विखुरलेल्या इमारती आणि वर्षभर येणारे-जाणारे पाहुणे. वाय-फायचं नाव 'एड्युरोम'. आयआयटी मुंबईतही हेच नाव दिसतं आणि जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांतही हेच. शंभराहून जास्त देशांत एकाच नावाचं जाळं आहे. एका ठिकाणी जोडलेला फोन दुसऱ्या ठिकाणी आपोआप जोडला जावा, हा त्यामागचा उद्देश.

'स्वीकार'च्या ओळी मी भराभर पुढे सरकवते, 'नकार'च्या वाचते. रात्रीचे नकार ठरलेले असतात. कोणीतरी पासवर्ड बदललेला असतो, पण कपाटात पडलेल्या टॅबला ते सांगायचं राहिलेलं असतं. तो टॅब इमानेइतबारे जुनाच पासवर्ड पाठवत राहतो. कोणीतरी संस्थेच्या पत्त्याऐवजी जीमेलचा पत्ता टाकलेला असतो. कोणाच्या नावाच्या शेवटी कीबोर्डने स्वतःहून एक मोकळी जागा घातलेली असते. ती माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, सर्व्हरला दिसते.

'स्वीकार'मधली एक जात मात्र मुद्दाम शोधावी लागते. यांनी नुसतं आपलं नाव टाकलेलं असतं, पुढे @ आणि संस्थेचा पत्ता नाही. आमच्या आवारात ते चालतं, कारण आमचा सर्व्हर आपल्या माणसांना ओळखतो. यांच्यातलीच एखादी मुलगी उद्या पॅरिसला उतरली की तिथल्या सर्व्हरला तिच्याबद्दल कुठे विचारायचं ते कळणार नाही, आणि ती मला रात्री दोन वाजता मेल करेल. आज दुपारी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची बैठक आहे. अशा नावांची यादी काढून ठेवते.

सकाळी ९.००

सभागृहात आज परिषद सुरू होतेय. नोंदणीच्या टेबलाशेजारी लॅपटॉप उघडून उभी आहे. एक जर्मन प्राध्यापिका टॅक्सीतून उतरतात, पायऱ्या चढतात आणि वर येईपर्यंत त्यांच्या फोनवर वाय-फायची खूण उमटलेली असते. त्यांनी फोन पर्समधून काढलेलासुद्धा नाही.

लग्नाच्या कार्यालयात अनोळखी माणूस पंगतीला बसला तर त्याला "तुम्ही कोणाकडचे?" असं विचारतात. तो म्हणतो, "मुलीकडचा." मुलीकडचं कोणीतरी लांबूनच मान हलवतं आणि वाढपी पुढे सरकतो. त्याचं आधार कार्ड मुलाकडच्यांनी बघायचं काही कारण नसतं. एड्युरोमची सगळी मांडणी या एका प्रश्नावर उभी आहे. फोन आमच्या ॲक्सेस पॉइंटला सांगतो की मी अमुक विद्यापीठाचा. आमचा रेडियस सर्व्हर @ च्या पुढचा भाग वाचतो, हा आपला नाही हे बघतो आणि विचारणा देशाच्या सर्व्हरकडे पाठवतो. भारतात ते काम अर्नेट इंडियाकडे आहे. तिथून आशिया-पॅसिफिकचा वरचा सर्व्हर, मग युरोपचा, मग जर्मनीचा आणि शेवटी बाईंच्या स्वतःच्या विद्यापीठाचा. तो सर्व्हर म्हणतो, "हो, आमच्याच." उत्तर त्याच वाटेने उलटं येतं.

यातली खरी मेख पुढे आहे. फोन आणि त्या जर्मन सर्व्हरमध्ये टीएलएसचा बंदिस्त मार्ग तयार होतो आणि पासवर्ड त्यातूनच जातो. मधल्या कोणाला तो दिसत नाही, मलाही नाही. बहुतेक वेळा नावही दिसत नाही. बाहेरच्या बाजूला नावाच्या जागी 'अनॉनिमस' आणि पुढे विद्यापीठाचा पत्ता, एवढंच असतं. 'स्वीकार' येतो तेव्हा सोबत गुप्त बीजही येतं. त्यावरून फोन आणि ॲक्सेस पॉइंट चार निरोपांची देवाणघेवाण करतात आणि त्या एका फोनपुरती वेगळी किल्ली बनवतात. शेजारच्या खुर्चीतल्या पाहुण्याची किल्ली निराळी.

ही कल्पना २००२ मध्ये नेदरलँड्सच्या 'सर्फनेट'मधल्या क्लास व्हीरेंगा यांनी मांडली. सुरुवातीला युरोपातल्या मोजक्या देशांच्या संस्था तिच्यात होत्या. त्यासाठी नवं यंत्र कोणी शोधलं नाही. रेडियस १९९१ पासूनचं, डायल-अप मोडेमच्या काळातलं. नवा होता तो विश्वासाचा करार: तुमच्या माणसाची हमी तुम्ही घ्या, आमच्या माणसाची आम्ही घेतो, आणि एकमेकांच्या माणसांचे पासवर्ड कोणी मागायचे नाहीत.

सकाळी १०.१५

"मॅडम, एक साधा पासवर्ड द्या ना. फळ्यावर लिहून टाकतो, विषय संपला."

परिषदेचे संयोजक सर घाईत आहेत आणि त्यांची अडचण खोटी नाही. सगळेच पाहुणे एड्युरोमवाले नसतात. कोणी कंपनीतून आलंय, कोणी निवृत्त आहे, कोणाचं महाविद्यालय या साखळीत नाही. त्यांना इंटरनेट हवं आणि आत्ता हवं.

सरांना मी उभ्या उभ्या दोन गोष्टी सांगते. पहिली तांत्रिक. वाय-फायच्या नेहमीच्या डब्ल्यूपीए-२ सुरक्षेत सगळ्यांना एकच पासवर्ड दिला, तर तो पासवर्ड माहीत असलेला आणि सुरुवातीची देवाणघेवाण टिपणारा कोणीही शेजाऱ्याची किल्ली काढू शकतो. फळ्यावर लिहिलेला पासवर्ड फोटोतून समाजमाध्यमांवरही जातो, आणि परिषद संपल्यावरही तो बदलायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना गेलेली धमकीची ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वाय-फायवरून पाठवलेली होती. तिथल्या रहिवाशाचा संबंध नव्हता, पण पोलीस आधी त्याच्याच दारात गेले. पुढच्याच वर्षी दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या आणि वापरणाऱ्याची ओळख पटवण्याच्या सूचना काढल्या. आपल्याकडे सार्वजनिक वाय-फाय मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतं, त्याची मुळं त्या काळात आहेत.

"मग ओटीपी ठेवा," सर म्हणतात. ठेवलेलाच आहे. पण परदेशी सिमवर आपला ओटीपी पोहोचेलच असं नाही, आणि सकाळपासून दोघे पाहुणे त्याच पानावर अडकून बसलेत. म्हणून तिसरा मार्ग: नावाचं कूपन. ज्या विभागाने पाहुणा बोलावला त्या विभागाचं कोणीतरी आपल्या लॉगिनने ते काढतं. पाहुण्याच्या नावावर स्वतंत्र पासवर्ड, परिषदेच्या शेवटच्या संध्याकाळी आपोआप बंद होणारा. इथेही हमी आहे, फक्त ती आमच्याच विभागाने घेतलेली.

सरांना दोनशे कूपनं काढण्यापेक्षा एक फळा सोपा वाटतो, आणि तसा तो आहेच. "लेखी द्या," ते म्हणतात, "समितीपुढे ठेवतो." संध्याकाळचं एक काम वाढलं.

सकाळी ११.४०

तळघरातल्या लेसर प्रयोगशाळेतून तक्रार आहे: "फोन लागतो, पण येत नाही." खाली मोबाइलचं सिग्नल शून्य, भिंती जाड. तिथली सगळी माणसं वाय-फाय कॉलिंगवर आहेत. भारतात ही सोय २०१९ च्या डिसेंबरपासून यायला लागली, आणि तळघरं, लिफ्टजवळचे बोळ, दगडी इमारती यांच्यासाठी ती मोठी सोय ठरली.

वाय-फाय कॉलिंगमध्ये एकाच फोनची ओळख दोनदा, दोन निराळ्या ठिकाणी पटते. वाय-फायवर येताना एड्युरोमने, आमच्या सर्व्हरकडून. त्यानंतर फोन इंटरनेटवरून मोबाइल कंपनीच्या गेटवेकडे जातो आणि तिथे सिम पुढे येतं. सिमच्या आत एक गुप्त किल्ली असते. तीच किल्ली कंपनीच्या मुख्य नोंदवहीत असते, आणि दोन्हींपैकी कुठूनही ती बाहेर काढली जात नाही. कंपनी एक अनियमित आकडा पाठवते आणि सोबत आपण खरी कंपनी असल्याचा पुरावा. सिम आधी तो पुरावा तपासतं, मग आपलं उत्तर काढून देतं. जुन्या जीएसएममध्ये फक्त सिमने स्वतःला सिद्ध करायचं होतं, टॉवरला कोणी काही विचारत नव्हतं, आणि खोटे टॉवर त्याच फटीतून आले. तिसऱ्या पिढीपासून ओळख दोन्ही बाजूंनी पटते. वाय-फायवरही तीच पद्धत वापरता यावी म्हणून २००६ मध्ये ईएपी-एकेए हे प्रमाण ठरलं. ओळख पटली की फोन आणि गेटवे यांच्यात आयपीसेकचा बंद मार्ग तयार होतो आणि आवाज त्यातून जातो. आमच्या फायरवॉलला ५०० आणि ४५०० या पोर्टांवरची कुलूपबंद वाहतूक दिसते. कोण कोणाशी बोलतंय ते दिसत नाही, आणि दिसायची गरजही नाही.

मग फोन येत का नाही? तंत्रज्ञ माझ्यासमोर स्वतःचा फोन लावून दाखवतो. बाहेर जाणारा कॉल लगेच लागतो. मग फोन टेबलावर पालथा ठेवतो. मिनिटभर थांबून मी तिथल्या लँडलाइनवरून त्याला लावते. रिंग नाही. त्याने स्क्रीन जागी करताच 'मिस्ड कॉल' टपकतो.

आता खूण पटली. बंद मार्ग शांत असला की मधला फायरवॉल तो वापरात नाही असं समजून त्याची नोंद पुसून टाकतो. मार्ग जिवंत ठेवायला फोनने अधूनमधून छोटासा निरोप पाठवायचा असतो. प्रमाणात त्यासाठी २० सेकंदांचा काळ सुचवलेला आहे, पण बॅटरी वाचवायला फोन तो लांबवतात. आमच्या फायरवॉलची मर्यादा ३० सेकंदांची निघाली. नोंद पुसली की येणाऱ्या कॉलला फोनपर्यंतची वाट उरत नाही. ४५०० पोर्टापुरती मर्यादा काही मिनिटांची करते. पुन्हा फोन पालथा, पुन्हा मिनिटभर थांबणं. यावेळी टेबलावर रिंग वाजते आणि तंत्रज्ञ मुद्दाम उशिरा उचलतो.

मग तो बोलत बोलत जिना चढतो. वर आल्यावर कॉल वाय-फाय सोडून फोर-जीवर जातो आणि संभाषण तुटत नाही. दोन्ही वाटा कंपनीच्या एकाच गेटवेला जाऊन मिळतात. फोनचा आयपी पत्ता तिथे तोच राहतो, आणि दोन्हीकडे हमी एकाच सिमची असते.

दुपारी १.१५

जेवण मेसमध्ये, आणि जेवणानंतर मेस ते ग्रंथालय चाचणीची फेरी. माझा ज्युनिअर फोनवरून व्हिडिओ कॉल लावतो, मी मागून लॅपटॉपवर बघत चालते. वाटेत चार ॲक्सेस पॉइंट बदलतात.

पाहुण्यांसाठी ही वाट अवघड आहे. पहिल्या जोडणीत आठ-दहा निरोप येतात-जातात, आणि पुण्याहून जर्मनीला एक फेरी दीड-दोनशे मिलिसेकंदांची धरली तरी सगळं मिळून दीड-दोन सेकंद होतात. दारात उभं असताना ते कळत नाही. पण प्रत्येक ॲक्सेस पॉइंट बदलताना पुन्हा जर्मनीला विचारायचं ठरवलं, तर चालत बोलणाऱ्याचा आवाज दर वळणावर तुटेल. आवाजाला ही बदली साधारण ५० मिलिसेकंदांत झालेली हवी. त्यासाठी ८०२.११ आर हे २००८ चं प्रमाण आहे. पहिल्या वेळी मिळालेल्या बीजावरून सगळे ॲक्सेस पॉइंट सांभाळणारा कंट्रोलर पुढच्या ॲक्सेस पॉइंटसाठी किल्ल्या काढून ठेवतो. घरी विचारणं दिवसात एकदा, बाकीची कामं गावातल्या गावात.

ग्रंथालयाच्या कोपऱ्यावर कॉल अडखळतो. दोष ओळख पटण्याचा नाही. ज्युनिअरचा फोन मेसच्या क्षीण सिग्नलला चिकटून बसलाय, शेजारचा ठणठणीत ॲक्सेस पॉइंट सोडून. कधी बदलायचं हे फोन स्वतः ठरवतो. आपण सुचवू शकतो, हुकूम सोडता येत नाही. मेसच्या ॲक्सेस पॉइंटची ताकद थोडी उतरवायची नोंद करून परत.

दुपारी २.३०

रेडियस सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र संपत आलंय. आमच्या कामात घड्याळाइतकं भीतीदायक काही नाही, कारण प्रमाणपत्र मुदत संपल्याच्या क्षणाला सगळ्यांसाठी एकदम संपतं.

विकतचं सार्वजनिक प्रमाणपत्र घ्यावं की संस्थेचं स्वतःचं, हा वाद आमच्याकडे मिटलेला आहे. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवसांवर आली, आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर येणार आहे. वेबसाइटला ते चालतं, तिथे यंत्रच यंत्राशी बोलून नवं प्रमाणपत्र बसवतं. वाय-फायमध्ये मात्र नव्या प्रमाणपत्राला बरेच फोन बिचकतात आणि माणसाला विचारतात, "यावर विश्वास ठेवायचा का?" माणूस वाचत नाही, 'हो' म्हणतो. वरचेवर विचारलं की त्याला 'हो' म्हणायची सवय लागते. म्हणून मूळ प्रमाणपत्र आमचं स्वतःचं, लांब मुदतीचं, आणि ते 'गेट-एड्युरोम' ॲपमधून फोनमध्ये एकदाच नीट बसवायचं. त्या मुळाखालचं सर्व्हरचं प्रमाणपत्र बदललं तरी फोन मग विचारत नाही.

नवं प्रमाणपत्र चाचणीच्या सर्व्हरवर चढवते. आयफोन, जुना अँड्रॉइड, नवा अँड्रॉइड, विंडोज, सगळ्यांवर जोडून बघते. चारही गप्प राहिले की काम झालं.

दुपारी ३.३०

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची बैठक. व्हिसा, विमा, जेवण यांच्या गर्दीत वाय-फायला शेवटची वीस मिनिटं मिळतात. सकाळची यादी हातात आहे. त्यातल्या प्रत्येकाच्या फोनमधलं जुनं एड्युरोम पुसायला लावते आणि 'गेट-एड्युरोम' ॲपमधून पुन्हा बसवायला लावते. नावापुढे पूर्ण पत्ता आपोआप येतो, प्रमाणपत्र येतं, सर्व्हरचं नाव येतं.

"मॅम, पण माझं चालतंय की," एक मुलगा म्हणतो. त्याने सेटिंगमध्ये प्रमाणपत्र तपासू नये असा पर्याय निवडलाय. फोन जुना आहे. २०२० च्या अखेरीपासून अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांतून हा पर्याय काढायला सुरुवात झाली, याच्याकडे तो अजून शिल्लक आहे.

त्याच्यासाठीच पिशवीत एक छोटा डबा आणलाय. रास्पबेरी पाय, त्यावर 'एड्युरोम' नावाचं खोटं वाय-फाय आणि खोटा रेडियस सर्व्हर. मुलाची परवानगी घेऊन डबा सुरू करते. त्याचा फोन टेबलावर आहे, त्याला हातही लावलेला नाही. काही सेकंदांत माझ्या पडद्यावर एक ओळ येते: त्याचं नाव, खालोखाल सोळा अंकी आव्हान आणि लांबलचक उत्तर. नवीन पद्धतीने बसवलेले बाकीचे फोन डब्याकडे बघतही नाहीत.

"पण यात पासवर्ड कुठेय?" मागच्या बाकावरून प्रश्न येतो. पासवर्ड थेट नाही. पण २०१२ मध्ये लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाईक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिलं की हे आव्हान आणि उत्तर हाती लागलं, तर एमएस-चॅप-व्ही-टू ही पासवर्ड पडताळण्याची पद्धत फोडणं म्हणजे १९७० च्या दशकातली एक डीईएस किल्ली फोडणं. योग्य यंत्रावर दिवसभराचं काम. ही पद्धत आजही जगभर वापरात आहे आणि टीएलएसच्या बंद मार्गाच्या आत ती सुरक्षित आहे. मार्ग कोणाशी जोडला जातोय हे तपासणं सोडलं, की आतलं सगळं उघडं पडतं.

त्यांना एकच गोष्ट लिहून घ्यायला लावते. यजमानाला तुमचा पासवर्ड कळायचं कारण नाही. म्हणून परक्या गावात कुठलंही पान उघडून एड्युरोमचा पासवर्ड मागितला तर तो एड्युरोम नाही. मुलगा पासवर्ड बदलतो, फोनमधलं जुनं पुसतो. डबा पुन्हा लावून बघायचा हट्टही तोच धरतो.

संध्याकाळी ५.००

प्रशासनाकडून एक पत्र खाली आलंय. आमच्या आयपी पत्त्यावरून गेल्या आठवड्यात कोणीतरी चित्रपट बेकायदा वाटला, अशी तक्रार. वेळ दिलेली, सेकंदापर्यंत.

इथे सकाळच्या त्या 'अनॉनिमस'ची परीक्षा होते. फायरवॉलच्या नोंदीवरून आतला पत्ता, त्यावरून यंत्राचा पत्ता, त्यावरून रेडियसची नोंद. यंत्राचा पत्ता बनावट निघू शकतो. २०२० च्या सुमारापासून फोन प्रत्येक वाय-फायला वेगळाच पत्ता दाखवतात आणि ते बरंच आहे, कारण त्यावरून माणसाचा माग काढता येत नाही. रेडियसची नोंद सांगते की हा पाहुणा होता, युरोपातल्या एका विद्यापीठाकडचा. नाव नाही. पण त्या विद्यापीठाने 'स्वीकार'बरोबर एक टोपणक्रमांक पाठवलाय. आमच्यासाठी तो निरर्थक आहे, त्यांच्यासाठी तो एका माणसाकडे बोट दाखवतो.

त्या विद्यापीठाला मेल लिहिते: टोपणक्रमांक, वेळ, तक्रारीचा मजकूर. नाव मागत नाही. कारवाई त्यांनी करायची, त्यांच्या नियमांप्रमाणे. आम्हाला हवं तर तो टोपणक्रमांक आमच्याकडून बंद करता येतो, आणि तो मी आत्ता बंद करते. पोलीस आले असते तर हाच कागद कायदेशीर मार्गाने तिकडे गेला असता.

हे जमतं ते घड्याळामुळे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस देशात ठेवायचे आणि सगळी घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. दोन टोकांची घड्याळं पाच मिनिटांनी चुकली, तर भलत्याच माणसाचं नाव निघतं.

संध्याकाळी ५.५०

निघायच्या तयारीत असलेला ज्युनिअर दारात थबकतो. तो लोणावळा लोकलने जातो. "मॅडम, स्टेशनवर रोज नंबर टाका, ओटीपी टाका. सिम आहे ना फोनमध्ये? वाय-फायपण त्याच्यावरच का नाही जोडत?"

प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला स्थानकावरचं मोफत वाय-फाय सुरू झालं तेव्हापासून प्रवासी ओटीपी टाकताहेत. तंत्र मात्र तयार आहे. 'पासपॉइंट' २०१२ पासून आहे: फोन जोडण्याआधीच ॲक्सेस पॉइंटला विचारतो, "तुमच्याकडे कोणाकोणाची हमी चालते?" आणि चालत असेल तर सिमवर किंवा प्रमाणपत्रावर आपोआप जोडला जातो. एड्युरोमचीच कल्पना विद्यापीठाबाहेर नेणारं 'ओपनरोमिंग' २०२० पासून वायरलेस ब्रॉडबँड अलायन्सकडे आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मंजूर झालेल्या पीएम-वाणी या सरकारच्या सार्वजनिक वाय-फाय योजनेतही एका ॲपवर नोंदणी केली की कुठल्याही टपरीवरचं वाय-फाय चालावं, अशी आखणी आहे.

सिमची एक अडचण मात्र बरीच वर्षं होती. वाय-फायवर ओळख पटवताना फोन सिमचा कायमचा क्रमांक उघड्यावर सांगत असे. २०१६ मध्ये ऑक्सफर्डचे रविशंकर बोरगावकर आणि पिअर्स ओ'हॅनलन यांनी ब्लॅक हॅट परिषदेत दाखवलं की साध्या वाय-फाय उपकरणाने आसपासच्या फोनचे हे क्रमांक गोळा करता येतात. ओळख पटवायच्या नादात ओळख सगळ्या गावाला सांगितली जात होती. फाइव्ह-जीच्या प्रमाणाने त्यावर उत्तर दिलं: फोन हा क्रमांक घरच्या कंपनीच्या जाहीर किल्लीने झाकून पाठवतो, म्हणजे यजमानाला कंपनी कळते, माणूस नाही. आणि त्यात टॉवर असो की वाय-फाय, ओळख पटवायची पद्धत एकच ठेवलीय.

"म्हणजे आपल्या एड्युरोमसारखंच," तो म्हणतो. तसंच. त्याची लोकल चुकू नये म्हणून विषय इथे थांबवते.

संध्याकाळी ६.२०

समितीसाठीचं टिपण. सर तांत्रिक वाचणार नाहीत, म्हणून एका पानात.

पाहुण्याबद्दल यजमान संस्थेला तीन गोष्टी माहीत असाव्यात: तो कोणाकडचा, कधी आला आणि त्याची हमी कोणी घेतली. त्याचा पासवर्ड आपल्याकडे नसेल तर तो आपल्याकडून गळणार नाही. त्याचं नाव आपल्याकडे नसलं तरी गरज पडल्यास ते कोणाला विचारायचं हे आपल्याला ठाऊक असतं. आजच्या पत्राचं उत्तर त्याच आधारावर गेलं. फळ्यावरच्या पासवर्डात या तिन्हींपैकी एकही गोष्ट माहीत होत नाही, आणि तक्रार आली तर जबाबदारी थेट संस्थेवर येते. एड्युरोम असलेल्यांना काहीही करावं लागत नाही. नसलेल्यांसाठी विभागाने कूपन काढावं, त्याला पाहुण्यामागे अर्धं मिनिट लागतं.

पाठवते. दहा मिनिटांत सरांचं उत्तर येतं: "ठीक आहे. पण मग कूपनं सकाळी साडेआठला टेबलावर हवीत, रांग लावायची नाही." अट वाजवी आहे. विभागाच्या कार्यालयाने नोंदणीची यादी पाठवलीय. त्यांच्यातल्या एकाला स्वतःच्या लॉगिनने कूपनं काढायला बसवते, प्रिंटरमध्ये कागद भरते आणि उरलेली नावं उद्या सकाळी आठच्या आत द्यायला सांगून निघते.